ताऱ्यांचे जीवन-मरण आणि झाडीपट्टीचे आकाश

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या सायंकाळी, पावणेआठच्या सुमारास विदर्भातील व मध्य प्रदेशातील असंख्य लोकांनी आकाशात एक विलक्षण दृश्य पाहिले. ज्वाळांनी वेढलेले काही गोळे, लांब शेपट्या मागे सोडीत, एकामागून एक आकाश ओलांडून गेले. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी या गावी मोकळ्या जागेत सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे एक कडे येऊन पडले. त्याच तालुक्यात पवनपारच्या परिसरात धातूचा एक पोकळ गोळाही सापडला. सुदैवाने कोणासही इजा झाली नाही. पुढे इस्रोच्या शास्त्रज्ञांनी सिंदेवाहीस येऊन या अवशेषांची पाहणी केली. चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चांग झेंग ३ बी या अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे हे तुकडे असावेत, असा निष्कर्ष खगोलशास्त्रज्ञांनी काढला.

त्या रात्री गावोगावी जे उद्गार निघाले त्यांत “तारा तुटला” हा उद्गार सर्वांत स्वाभाविक होता. तारा तुटताना दिसला की पृथ्वीवर कोणाचे तरी आयुष्य संपले, अशी समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. आकाशातील तारा आणि माणसाचे मरण यांची सांगड लोकमनाने फार पूर्वीच घातली आहे. विज्ञानाच्या कसोटीवर यांतील काय टिकते आणि काय टिकत नाही, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल. शाळेत मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे शिक्षक आणि गावात अफवा उठली असता लोकांना धीर देणारे पंचायत सदस्य यांच्या दृष्टीने तर ते अगत्याचेच आहे.

तारा तुटत नाही

आपण ज्याला तुटणारा तारा म्हणतो ती उल्का असते. वाळूच्या कणाएवढे किंवा खड्याएवढे अवकाशातील कण प्रचंड वेगाने पृथ्वीच्या वातावरणात शिरतात आणि साधारणपणे ऐंशी ते शंभर किलोमीटर उंचीवर जळून जातात. लाडबोरीस पडलेले कडे हे मानवनिर्मित होते, तर उल्का निसर्गनिर्मित असते, एवढाच भेद. खरा तारा या दोहोंहून सर्वस्वी वेगळा आहे. आपला सूर्य हा मध्यम आकाराचा एक ताराच होय आणि त्याच्या पोटात तेरा लाख पृथ्व्या मावतील. असा तारा तुटून आपल्या अंगणात पडणे संभवत नाही.

परंतु तारे अमर आहेत असा याचा अर्थ नव्हे. तारे जन्मतात, तारुण्यात येतात, वृद्ध होतात आणि मरतातही. हा क्रम लक्षावधी आणि अब्जावधी वर्षांचा असल्यामुळे एका माणसाच्या हयातीत तो दिसून येत नाही. जंगलात क्षणभर डोकावणाऱ्या वाटसरूस एकही झाड वाढताना दिसत नाही. पण त्याच क्षणी त्याला रोप, तरुण झाड, जुना साग आणि पडलेला ओंडका असे सर्व काही एकत्र दिसते व त्यावरून झाडाच्या आयुष्याचा क्रम जुळविता येतो. खगोलशास्त्रज्ञांनी ताऱ्यांचा जीवनक्रम नेमका याच रीतीने जुळविला आहे.

सरपण आणि चूल

तारा चमकतो तो कशाच्या बळावर? तारा म्हणजे प्रामुख्याने हायड्रोजन व हेलियम या वायूंचा प्रचंड गोळा. स्वतःच्याच वजनाने तो आत दबला जातो आणि त्यामुळे त्याचे केंद्र अतिशय तापते. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस असले, तरी त्याच्या केंद्रात ते दीड कोटी अंशांच्या घरात असते. या उष्णतेत हायड्रोजनचे अणुगर्भ एकत्र येऊन हेलियमचे अणुगर्भ तयार होतात. या क्रियेला अणुसंमीलन म्हणतात. सूर्यात दर सेकंदास सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियम होते आणि त्यांतील सुमारे ४० लाख टन वस्तुमान ऊर्जेत रूपांतरित होऊन प्रकाश व उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. पृथ्वीवरील धानाचे प्रत्येक रोप या ऊर्जेच्या एका अल्पशा अंशावर वाढते.

गुरुत्वाकर्षण ताऱ्याला आत ओढते आणि केंद्रातील उष्णतेचा दाब त्याला बाहेर ढकलतो. या दोन बळांचा तोल जोवर राखला जातो, तोवर तारा स्थिर असतो. सरपण संपले की चूल विझते. त्याचप्रमाणे हायड्रोजन संपत आला की हा तोल ढळतो. सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे असून अजून सुमारे ५०० कोटी वर्षे पुरेल इतके इंधन त्याच्यापाशी आहे. मोठ्या ताऱ्यांपाशी इंधन अधिक असते खरे, पण ते त्याची उधळपट्टीही तितकीच करतात. सूर्याच्या वीसपट वस्तुमानाचा तारा एक कोटी वर्षांच्या आसपासच आपले इंधन संपवून बसतो. ताऱ्यांच्या जगात जो जितका थोर, तो तितका अल्पायुषी, असा हा नियम आहे.

एका रात्रीत दिसणाऱ्या चार अवस्था

सिंदेवाही, ब्रह्मपुरी, नागभीड, वडसा हा सारा टापू झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. दिवाळीनंतर धान घरात येऊ लागले की येथे नाटकांचा हंगाम सुरू होतो. सिंदेवाही तालुक्यातील नवरगावसारख्या गावी रात्रभर नाटक रंगते आणि प्रेक्षक पहाटेच्या थंडीत घरोघर परततात. डिसेंबरच्या मध्यास मृग नक्षत्रही असेच रात्रभर आकाशाच्या रंगभूमीवर असते. सायंकाळी ते पूर्वेस उगवते, मध्यरात्री माथ्याच्या जवळ येते आणि पहाटे पश्चिमेस मावळते. नाटकास जाणाऱ्या प्रेक्षकाने मान वर केली, तर मृगाच्या आसपासच्या एवढ्याशा भागात ताऱ्याच्या जन्मापासून मरणापर्यंतच्या सर्व अवस्था त्याला पाहता येतील.

प्रथम जन्म. मृगाच्या पोटात एका ओळीत तीन ठळक तारे आहेत. त्यांस आपण मृगाला लागलेला बाण म्हणतो. या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेस अंधूक ताऱ्यांची एक ओळ आहे आणि तिच्या मधोमध धुरकट ठिपका दिसतो. हाच मृगातील तेजोमेघ. तो आपल्यापासून सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर आहे. (प्रकाश एका वर्षात जेवढे अंतर तोडतो ते एक प्रकाशवर्ष, म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर.) या मेघातील वायू आणि धूळ गुरुत्वाकर्षणाने ठिकठिकाणी गोळा होत असून तेथे आजही नवे तारे जन्म घेत आहेत.

त्यानंतर तारुण्य. मृगाच्या वायव्येस कृत्तिकांचा लहानसा पुंजका आहे. नुसत्या डोळ्यांनी त्यात सहा-सात तारे मोजता येतात. प्रत्यक्षात ते शेकडो आहेत. हे सर्व तारे एकाच मेघातून जन्मलेली भावंडे असून त्यांचे वय दहा-बारा कोटी वर्षांच्या आसपास, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबाने अगदी कोवळे आहे. कृत्तिका सुमारे ४४० प्रकाशवर्षे दूर आहेत. उत्तर हिंदुस्थानात अकबर आणि चांद्यास गोंड राजे राज्य करीत होते, त्या काळात निघालेला त्यांचा प्रकाश आज आपल्या डोळ्यांत शिरत आहे.

तिसरी अवस्था वार्धक्य. कृत्तिका आणि मृग यांच्या दरम्यान रोहिणीचा तांबूस तारा आहे. त्याच्या केंद्रातील हायड्रोजन संपला असून तो फुगून सूर्याच्या चाळीसपटींहून अधिक व्यासाचा झाला आहे. अशा ताऱ्यास तांबडा राक्षसी तारा म्हणतात. रोहिणी सुमारे ६५ प्रकाशवर्षे दूर आहे. १९६० साली महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली त्या सुमारास तेथून निघालेला प्रकाश आता कोठे आपल्यापर्यंत येऊन पोचत आहे. आपल्या सूर्यालाही पुढे हीच अवस्था येणार असून त्या वेळी तो बुध व शुक्र यांना गिळून टाकील.

चौथी अवस्था मरणाची. तिचे दोन प्रकार आहेत आणि दोन्ही याच भागात आढळतात.

शांत मरण आणि उग्र मरण

सूर्यासारखे तारे शांतपणे मरतात. त्यांचे बाहेरचे थर हळूहळू अवकाशात विरून जातात आणि मागे राहतो तो केवळ पृथ्वीएवढा, परंतु अतिशय घन असा गाभा. त्यास श्वेतबटू म्हणतात. मृगाच्या आग्नेयेस व्याध हा रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा आहे. त्याचा एक जोडीदार असा श्वेतबटू आहे. व्याधाच्या डळमळत्या गतीवरून १८४४ साली जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी या अदृश्य जोडीदाराचे भाकीत केले आणि १८६२ साली तो दुर्बिणीतून प्रत्यक्ष दिसला. त्याचा आकार पृथ्वीएवढा, तर वस्तुमान जवळजवळ सूर्याएवढे आहे. तेथील चमचाभर द्रव्याचे वजन काही टन भरेल.

श्वेतबटूच्या वस्तुमानास मर्यादा असते, हे एका भारतीय तरुणाने दाखवून दिले. १९३० साली उच्च शिक्षणासाठी बोटीने इंग्लंडला निघालेल्या एकोणीस वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी प्रवासातच हे गणित मांडावयास प्रारंभ केला. सूर्याच्या सुमारे १.४ पटीहून अधिक वस्तुमानाचा गाभा श्वेतबटू होऊन स्थिर राहू शकत नाही, हा त्यांचा निष्कर्ष ‘चंद्रशेखर मर्यादा’ या नावाने जगन्मान्य झाला. १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिकाने गौरविण्यात आले.

या मर्यादेपलीकडचे मरण उग्र असते. मृगाच्या ईशान्येकडील खांद्यावरचा तांबडा तारा, म्हणजेच आर्द्रा किंवा काक्षी, अशा मरणाच्या वाटेवर आहे. सूर्याच्या पंधरा ते वीसपट वस्तुमानाचा हा तारा इतका फुगला आहे, की तो सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वीची कक्षा त्याच्या पोटातच जाईल. २०१९ च्या अखेरीपासून फेब्रुवारी २०२० पर्यंत आर्द्रेचे तेज घटत घटत नेहमीच्या सुमारे एकतृतीयांशावर आले, तेव्हा तिचा अंत जवळ आला की काय, अशी शंका जगभर व्यक्त झाली. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या द्रव्याची धूळ आड आल्यामुळे असे झाल्याचे पुढे निष्पन्न झाले. तिचा अंत येत्या एक लाख वर्षांत केव्हाही होऊ शकतो. तो झाल्यावर आर्द्रा काही आठवडे दिवसाही दिसेल, रात्री तिच्या उजेडात सावल्या पडतील आणि नंतर मृगाचा एक खांदा कायमचा रिकामा होईल. आर्द्रा पाचशे प्रकाशवर्षांहून अधिक दूर असल्यामुळे पृथ्वीला मात्र त्यापासून कोणताही धोका नाही.

असा अंत माणसाने पूर्वी पाहिलेला आहे. ४ जुलै १०५४ रोजी चीनमधील ज्योतिर्विदांनी वृषभाच्या शिंगाजवळ एक नवा तारा पाहून त्याची नोंद केली. तो तेवीस दिवस भर उन्हातही दिसत होता. गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा येथील देवालये ज्या शतकांत उभी राहिली, साधारण त्याच काळातील ही घटना होय. अशा स्फोटास अतिनवतारा किंवा सुपरनोव्हा म्हणतात. त्या जागी आज दुर्बिणीतून एक पसरत जाणारा मेघ दिसतो आणि त्याच्या मध्यभागी जेमतेम वीस किलोमीटर व्यासाचा एक न्यूट्रॉन तारा सेकंदास सुमारे तीस वेळा स्वतःभोवती फिरत आहे. अशा फिरत्या ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ-लहरी पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे उभारलेल्या तीस प्रचंड दुर्बिणींच्या संचाने टिपल्या जातात, ही महाराष्ट्रास भूषणावह बाब आहे.

लोहारा येथील लोखंड कोठून आले?

उग्र मरणाचा हा विषय आपल्या जिल्ह्यांशी किती निकटचा आहे, हे आता पाहू. मोठ्या ताऱ्याच्या केंद्रात हायड्रोजननंतर हेलियम, त्यानंतर कार्बन, ऑक्सिजन आणि शेवटी सिलिकॉन असे एकापाठोपाठ एक इंधन जळत जाते आणि प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याहून लवकर संपतो. सिलिकॉनचा टप्पा तर अवघा दिवसभराचा असतो. त्यातून लोहाच्या जातीचा गाभा तयार होतो. लोहाच्या संमीलनातून ऊर्जा मिळत नाही. चुलीत जणू दगड घातल्यासारखे होते. ताऱ्याचा गाभा मग सेकंदाहूनही कमी वेळात कोसळतो आणि त्या धक्क्याने बाहेरचे सर्व थर अवकाशात उधळले जातात. या स्फोटात किरणोत्सर्गी निकेल तयार होते. त्याचे कोबाल्ट आणि त्या कोबाल्टचे लोह होते. जोडीदाराचे द्रव्य ओढून घेऊन चंद्रशेखर मर्यादेशी पोचलेला श्वेतबटू फुटतो, तेव्हाही फार मोठ्या प्रमाणावर लोह निर्माण होते. विश्वातील लोह या दोन प्रकारच्या मरणांतून आलेले आहे.

मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटात घडतात, हा सिद्धान्त १९५७ साली बर्बिज पतिपत्नी, फाउलर आणि फ्रेड हॉईल या चौघांनी सविस्तर मांडला. यांपैकी हॉईल हे डॉ. जयंत नारळीकर यांचे केंब्रिजमधील गुरू. पुण्यातील आयुका या संस्थेचे संस्थापक संचालक आणि विज्ञान मराठीत आणणारे लेखक म्हणून नारळीकरांचे नाव घराघरांत पोचले. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले.

सूर्य आणि पृथ्वी ज्या मेघापासून ४६० कोटी वर्षांपूर्वी बनली, त्यात आधी मेलेल्या अनेक ताऱ्यांची राख मिसळलेली होती. पृथ्वीवरील लोह त्यातूनच आले. पुढे प्राचीन समुद्रांच्या तळाशी लोहाचे थर साचले आणि त्यांतून लोहखनिजाचे खडक बनले. चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही-ब्रह्मपुरी भागातील लोहारा, रत्नापूर, पिंपळगाव येथील खनिज आणि गडचिरोली जिल्ह्यातील सूरजागडचा डोंगर ही त्याचीच उदाहरणे होत. लोहारा हे नावच पुरेसे बोलके आहे. सूरजागडचा डोंगर परिसरातील आदिवासी बांधवांना ठाकूरदेवाचे स्थान म्हणून पूज्य आहे. नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथील उत्खननात अडीच हजार वर्षांहून जुनी, लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. विदर्भातील माणूस किती प्राचीन काळापासून या धातूशी परिचित आहे, याची ती साक्ष आहे.

हेच लोह आपल्या शरीरातही आहे. प्रौढ माणसाच्या देहात तीन ते चार ग्रॅम लोह असते आणि त्याचा मोठा भाग रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये असतो. रक्तक्षय टाळण्यासाठी शाळांतून व आरोग्य केंद्रांतून दिल्या जाणाऱ्या गोळीतील लोह, शेतकऱ्याच्या विळ्याचे लोह आणि मुलाच्या रक्तातील लोह यांचे मूळ एकच आहे. तारा मेल्याखेरीज हे काहीच झाले नसते. आकाश आणि मरण यांचे नाते लोकमनाने जोडले होते ते असे निराळ्या अर्थाने खरे ठरते. माणूस मेला म्हणून तारा तुटत नाही; तारे मेले म्हणून माणूस जन्मास येऊ शकला.

म्हातारीची खाट आणि आकाशातील नांगर

हे ज्ञान दुर्बिणीतून आले. परंतु दुर्बीण नव्हती तेव्हाही या अरण्यप्रदेशातील माणसाने आकाश आपलेसे केले होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी महाराष्ट्र व शेजारच्या राज्यांतील पंधराच्या आसपास गोंड गावांत जाऊन तेथील वडीलधाऱ्यांकडून आकाशाची माहिती संकलित केली आणि २०१३ साली ती प्रसिद्ध केली. संस्कृत परंपरेतील आकाशाहून गोंडांचे आकाश वेगळे आहे, हे या अभ्यासातून स्पष्ट झाले.

ज्यांना आपण सप्तर्षी म्हणतो त्यांतील चौकोनाचे चार तारे ही गोंड परंपरेत म्हातारीची खाट आहे आणि मागचे तीन तारे हे ती खाट पळवू पाहणारे तीन चोर आहेत. मराठी खेड्यांतूनही सप्तर्षींना खाटले किंवा बाज म्हणण्याचा प्रघात आहे. मृगाचा बाण आणि त्याखालची ओळ मिळून होतो नांगर. आकाशगंगा ही गुरांची वाट, तर सिंह राशीच्या ताऱ्यांत प्रेतयात्रा पाहिली जाते. अशा रीतीने शेत, गुरे, घर आणि मरण हे गावाचे सारे जीवन आकाशात उतरले आहे.

या कल्पनांना व्यवहाराचा आधार होता. खाट ध्रुवाभोवती तासाला पंधरा अंश सरकते, त्यामुळे शेतावर जागलीस बसलेल्या माणसाला तिच्या जागेवरून रात्र किती उरली ते कळत असे. चैत्र-वैशाखात ती रात्री उत्तरेस उंच दिसते, तर कार्तिकात सायंकाळी ती क्षितिजाखाली गेलेली असते. सिंदेवाहीचे अक्षांश सुमारे वीस असल्यामुळे ध्रुव तारा येथे क्षितिजापासून वीस अंशांवर, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींएवढ्या उंचीवर दिसतो. कोणताही शिक्षक हा प्रयोग शाळेच्या पटांगणात करून दाखवू शकेल.

आधुनिक विज्ञानाने या खाटेच्या कथेत आणखी एक भर घातली आहे. सातांपैकी पाच तारे, म्हणजे खाटेचे तीन पाय आणि पहिले दोन चोर, एकाच मेघातून जन्मलेले असून एकाच दिशेने चालले आहेत. खाटेचा एक पाय आणि शेवटचा चोर यांची वाट निराळी आहे. एक लाख वर्षांनंतर ही आकृती आजच्यासारखी राहणार नाही. खाट आपोआप मोडलेली असेल.

मृगातील नांगराचेही तसेच आहे. नव्या ताऱ्यांचा जन्म ज्या तेजोमेघात होत आहे तो नेमका या नांगराच्या ओळीत येतो. मेलेल्या ताऱ्यांच्या लोहापासून माणसाने फाळ घडविला आणि तो नांगर त्याने आकाशात जेथे पाहिला तेथेच नव्या ताऱ्यांची पेरणी चालू आहे. हा योगायोग खरा, परंतु मुलांना ताऱ्यांचा जीवनक्रम समजावून सांगण्यास याहून सोपे चित्र सापडणार नाही.

नक्षत्र, पाऊस आणि भय

धान पिकविणाऱ्या या प्रदेशात नक्षत्रांचा संबंध प्रामुख्याने पावसाशी येतो. मेच्या अखेरीस रोहिणी, ७-८ जूनच्या सुमारास मृग आणि २१-२२ जूनच्या सुमारास आर्द्रा लागते. पऱ्हे टाकणे आणि रोवणी यांची बोलणी या नावांनीच होतात. सिंदेवाही येथील धान संशोधनाचे कार्य करणारे कृषी संशोधन केंद्र नव्या वाणांच्या शिफारशी करते, तेव्हाही शेतकरी त्या आपल्या नक्षत्रांच्या हिशेबात बसवून घेतो. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. आर्द्रेचा पाऊस पडतो तेव्हा आर्द्रा आकाशात दिसत नसते, कारण त्या वेळी सूर्य त्याच भागात असतो. तारा पाऊस पाडीत नाही. सूर्य आकाशाच्या कोणत्या भागात पोचला हे तो सांगतो. शिवाय पृथ्वीच्या अक्षाच्या मंद भ्रमणामुळे या तारखा सुमारे बहात्तर वर्षांत एका दिवसाने पुढे सरकतात. नक्षत्र हे शेतकऱ्याचे पंचांग आहे आणि पंचांग म्हणून ते मोलाचे आहे.

नक्षत्राचे भय मात्र निराधार आहे. मूळ नक्षत्रावर जन्मलेले मूल घराला वाईट, असा समज अजूनही काही ठिकाणी आढळतो आणि त्याचा जाच निष्पाप मुलांना, विशेषतः मुलींना, भोगावा लागतो. वृश्चिकाच्या नांगीवरील मूळ नक्षत्राचा मुख्य तारा पाचशेहून अधिक प्रकाशवर्षे दूर आहे. आज दिसणारा त्याचा प्रकाश त्या बालकाच्या पणजोबांच्याही कित्येक पिढ्या आधी निघालेला आहे. पाचशे वर्षांपूर्वी निघालेल्या प्रकाशाचा आज जन्मलेल्या मुलाच्या दैवाशी संबंध कसा असेल, एवढा एकच प्रश्न ग्रामसभेत विचारला तरी पुष्कळ कार्य होईल.

आकाशाची नोंदवही

दोन गोष्टी आज आपल्या डोळ्यांदेखत हरवत आहेत. पहिली म्हणजे खाट, चोर, नांगर, गुरांची वाट ही नावे जाणणारी पिढी. ती वृद्ध झाली आहे. तारा मेला तर त्याचे द्रव्य नव्या ताऱ्याच्या उपयोगी पडते. न लिहिलेली नावे मात्र सांगणाऱ्याबरोबर संपतात. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये ग्रामपंचायतींच्या पातळीवर लोकजैवविविधता नोंदवह्या तयार करण्यात येतात. त्याच धर्तीवर प्रत्येक शाळेने आकाशाची एक साधी वही ठेवण्यास काहीच हरकत नाही. गावातील वृद्धांना सन्मानाने शाळेत बोलवावे. कोणत्या ताऱ्याला गोंडी, माडिया वा झाडीबोलीत काय म्हणतात, तो कोणत्या महिन्यात कोठे दिसतो आणि त्याची कथा कोणती, हे मुलांनी ऐकून, सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. यास निधीची आवश्यकता नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे अंधार. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी परिसरातील गावांत रस्त्यावरचे दिवे जमिनीकडे तोंड केलेले बसविण्यात आले. सिंदेवाहीच्या शिवारात वाघ-बिबट्यांचा वावर असल्यामुळे रात्रीचा उजेड ही येथील लोकांची जिवाची गरज आहे आणि ती भागविलीच पाहिजे. परंतु वर आकाशाकडे जाणारा प्रकाश वाघही दाखवीत नाही आणि वाटही दाखवीत नाही. झाकण असलेला, खाली प्रकाश टाकणारा दिवा निवडला तर रस्ता अधिक उजळतो आणि आकाशही शिल्लक राहते. पंचायतीने दिव्यांची मागणी नोंदविताना एवढी एक अट घातली तरी पुरे. आकाशदर्शनाचे कार्यक्रमही शेतावर वा वनाच्या कडेला न घेता शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात, मोठ्या माणसांच्या सोबतीने घ्यावेत.

येत्या हिवाळ्यात चंद्र नसलेली एक रात्र निवडून मुलांना मृगातील नांगर दाखवावा, त्याच्या ओळीतील धुरकट ठिपका दाखवावा, रोहिणीचा व आर्द्रेचा तांबूस रंग ओळखावयास सांगावे आणि मग त्यांच्या हाती विळा किंवा खिळा देऊन हे लोखंड कोठून आले, असा प्रश्न करावा. उत्तर शोधण्यासाठी त्यांना पुन्हा वर पाहावे लागेल.